छबुबाईंचा सलाम

सिरसाळ्याजवळच्या एका वस्तीवर, ख्रिस्ती मंडळीच्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होते; येशूच्या आठवणीत सगळे एका ताटातली भाकर खातात. त्यासाठी लागणारी ज्वारीची भाकर गेली एकवीस वर्षे छबुबाई थापतात. भाकर वाटण्यापूर्वी मंडळीतील माणसे एकमेकांचा हात हातात घेऊन ‘सलाम’ म्हणतात. कुणाविषयी मनात अढी असेल तर आधी त्याला सलाम द्यायचा, मगच भाकर घ्यायची, असा तिथला रिवाज आहे.

छबुबाईंची मुलगी अंजना. चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, तानाजीने, तिचा उजवा हात चुलीत धरला. तीन बोटे कायमची आखडली. आता ती बीडमध्ये एका खानावळीत डाव्या हाताने भाज्या चिरते.

यंदा फेब्रुवारीत तानाजी मंडळीपुढे उभा राहून रडला. आपण पापी आहोत, असे म्हणाला. मंडळीचे धर्मगुरू, पाळक आप्पाराव यांनी त्याला स्वीकारले. कृपा कमवावी लागत नाही, ती अपात्रालाच मिळते, असे त्यांनी सांगितले. ते खरेच आहे. ख्रिस्ती श्रद्धा त्याच एका गोष्टीवर उभी आहे. संताप येतो तो पुढे जे घडले त्याचा. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आप्पाराव छबुबाईंच्या दारी आले. उद्या तानाजीला सलाम द्या, म्हणाले; नाही दिला तर तुम्हालाच भाकर मिळणार नाही.

छबुबाईंनी परातीतले हात काढले नाहीत.

“पाळकसाहेब, त्यानं तुमची माफी मागितली, मंडळीची मागितली. अंजनाची मागितली का?”

त्याने देवाकडे मागितली आहे, असे आप्पाराव म्हणाले.

“मग देवानं द्यावी की. म्या कुठं आडवलंय? त्याच्यासाठीबी हीच भाकर थापती. पण हात अंजनाचा जळाला. तिच्या वाटचा सलाम म्या कावून देऊ?”

रविवारी तानाजीने सर्वांदेखत हात पुढे केला. छबुबाईंनी आपले हात मांडीवरून हलवले नाहीत. सासूला देवापेक्षा मोठं व्हायचंय, असे मागून कुणी बाई पुटपुटली. ताट छबुबाईंना ओलांडून पुढे गेले. त्यांनीच थापलेली भाकर तानाजीने डोळे मिटून खाल्ली.

देवाची कृपा मोफत आहे, म्हणून अंजनाची क्षमाही मोफत ठरवण्याचा अधिकार आप्पारावांना कुणी दिला? कृपा आज्ञा देऊन मिळवता आली, तर ती कृपा उरतच नाही. ती वेठ होते. आणि ही वेठ नेहमी जिचा हात जळला तिच्याच घरी येते.

त्याला पाच महिने झाले. छबुबाई दर महिन्याला भाकर थापून आणतात, ताटात ठेवतात आणि न घेता घरी परततात. तानाजीला आता प्रार्थना करायला पुढे बोलावतात. कृपेवर तो चांगले बोलतो, असे लोक सांगतात.

सिरसाळ्याहून बीडला रोज एसटी जाते. तानाजी अजून एकदाही तिच्यात बसलेला नाही.