दोन वर्तुळे आणि एक खुर्ची

२३ जुलै, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. नांदेडच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या छोट्या विमानाभोवती मी चुन्याच्या फक्कीचे वर्तुळ आखून पूर्ण केले.

दुष्काळाचे वर्ष होते. पाऊस पाडण्यासाठी हे विमान लातूर भागातल्या चाकूरकडच्या ढगांवर मीठ फवारणार होते आणि भौतिकशास्त्राच्या पदवीमुळे मी निरीक्षक होते. विमान जमिनीवर असेपर्यंत माणसांना त्यापासून दूर ठेवणे हे माझे पहिले काम. ते निर्विघ्न पार पडले, तरच विमानात जागा मिळणार होती. वैमानिकाने उतरताच बजावले होते की, ठिणगीची कळ बंद करूनही इंजिन थांबत नाही. बहुधा आतली तार तुटल्याने ठिणगी चालूच राहते; इंधन तोडून इंजिन थांबवावे लागले. म्हणजे नाकावरचा थांबलेला पंखा कुणी हाताने फिरवला, तर गरम इंजिन झटका देणार. त्यात हात जातो; डोके जवळ असल्यास तेही. मिस्त्री तार आणायला शेडमध्ये गेला होता.

तेवढ्यात लातूरहून स्वागत समिती आली, छायाचित्रकारासह. लातूर नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता आणि तिथे पाणी सोडून प्रत्येक गोष्टीला अध्यक्ष मिळाला होता. मंत्र्यांच्या हेलिपॅडवर या मंडळींनी फक्कीचा एकच अर्थ शिकून घेतला होता: रेघेबाहेर जनता, आत मान्यवर. माझे वर्तुळ दिसताच सगळे आत शिरले.

"रेघेच्या आत कुणीही यायचं नाही," मी म्हणाले.

"कुणीही म्हंजे आमी न्हाई, ताई," भस्माचे पट्टे लावलेले अध्यक्ष समजुतीच्या स्वरात म्हणाले. "आमी समिती हाय."

"पंख्याला समिती कळत नाही."

"ट्रॅक्टरला हार घातलो, जीपला घातलो. इमानानं काय पाप केलं?"

त्यांनी हार पात्यात अडकवला. तो घसरू लागला. "पातं तिरपं हाय. सरळ करून घेतो," म्हणत त्यांनी दोन्ही हात पात्यावर ठेवले.

पंख्याचे शास्त्र समजावायला वेळ नव्हता. माणसाचे त्या मानाने सोपे होते.

"साहेब, पात्याची सावली तुमच्या तोंडावर पडतेय! फोटोत चेहराच येणार नाही!"

हात तत्क्षणी निघाले. कोणत्याही सूचनाफलकाने इतक्या त्वरेने निघाले नसते.

"मग कुठं थांबू?"

मी फक्कीची पिशवी उचलली, धावपट्टीच्या पार कडेला दुसरे वर्तुळ आखले आणि मधोमध एकच खुर्ची ठेवली. एकच, हेतुपुरस्सर. समिती पळतच गेली. मागोमाग ड्रायव्हर आणि बघेही.

शेडमधून परतलेल्या मिस्त्रीने हार काढला, तार जोडली. वैमानिकाने इंजिन सुरू करून कळ बंद केली. या वेळी ते निमूट थांबले. पलीकडे खुर्चीवरून जुंपली होती.

"लई लांब ठिवलंय हो. इमानच दिसंना," एक सदस्य कुरकुरला.

"इमान कशाला? फोटोवाला हितं हाय की!"

मला जागा मिळाली. पंखा फिरू लागण्यापूर्वी खिडकीतून पाहून मी नोंदवले: पहिल्या वर्तुळात विमानाबाहेर माणसे शून्य, दुसऱ्यात, खुर्चीभोवती, एकतीस.