शनिवारपर्यंत थांबलेलं वाक्य

दुबईत करामातल्या आमच्या बिल्डिंगमधले निम्मे किस्से लिफ्टमुळे साठलेत. दार नेमकं वाक्याच्या मध्यावर बंद होतं आणि उरलेलं वाक्य मला पुरं करावं लागतं.

त्या आठवड्यात शेजारच्या हमीदाभाभींचे याकूबभाई लिफ्टमध्ये शिरता शिरता फोनवर म्हणाले, "राज्याभिषेक झाला की साहेब करंदीकरांना..."

खलास. दार बंद.

राज्याभिषेक म्हटलं की मला आपला रायगड आठवतो, पण हा विलायतेच्या नव्या राजाचा. याकूबभाई आणि आमच्या समोरचे करंदीकर एकाच ऑफिसात, साहेब इंग्रज. करंदीकर साठीला टेकलेले. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि लेकीची, रेवाची, बारावी अर्धवट टाकून सगळे चिपळूणला!

*

थालीपीठं घेऊन समोर गेले. हॉलमध्ये दोन मोठ्या बॅगा उघड्या.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही, वहिनी. थंडीचे कपडे भरून ठेवतेय," करंदीकरांची सुनंदा म्हणाली.

दुबईच्या थंडीला दोन बॅगा? माझी झोप उडाली.

*

हमीदाभाभींना म्हटलं, "तुमच्या ह्यांना नीट विचारा ना."

"विचारलं. म्हणतात, शनिवारपर्यंत साहेब काही ठरवणार नाही. ऑफिसात नुसते झेंडे लावत फिरतोय."

*

शनिवारी दुपारी राज्याभिषेक बघायला सगळे करंदीकरांच्या टीव्हीसमोर.

"आई सत्तर वर्षं गादीवर. हा बिचारा सत्तरी उलटल्यावर जॉइन होतोय," करंदीकर म्हणाले. "आणि आम्हाला साठीलाच..."

सुनंदानं चहा पुढं केला. वाक्य तिथंच राहिलं.

"बाबा, ही हॅज नो व्हिसा इश्यूज," रेवा मोबाइलमधून मान न काढता म्हणाली.

मग राजाला पवित्र तेल लावायची वेळ आली आणि त्याच्याभोवती चक्क पडदे उभे केले.

"नेमकं बघायचं तेच झाकलं!" मी म्हटलं.

"वैनी, तुमच्याचसाठी लावलेत ते," हमीदाभाभी म्हणाल्या.

*

सोमवारी संध्याकाळी लिफ्ट उघडली. करंदीकर बाहेर आले, हातात खोकं. खोक्यात टेबलावरचा गणपती, कॉफीचा मग आणि ऑफिसातल्या राज्याभिषेकाच्या पार्टीत वाटलेला कागदी मुकुट. मी त्यांच्या मागोमाग त्यांच्या दारापर्यंत गेले.

सुनंदा दारात उभी.

"मॅनेजरकी गेली," करंदीकर म्हणाले. मग रेवाकडं बघून, "सल्लागार म्हणून वर्षभर ठेवलंय. व्हिसाही वर्षभर."

सुनंदा आत गेली आणि औक्षणाचं ताट घेऊन आली. नवऱ्याला खुर्चीत बसवलं. डोक्यावर घालायला टोपी सापडेना, तेव्हा रेवानं खोक्यातला मुकुट काढून बाबांच्या डोक्यावर ठेवला.

सुनंदानं ताट उचललं. डोळे भरलेले.

करंदीकर म्हणाले, "थांब. आधी पडदा ओढ. वहिनी दारात आहेत."