दिव्याखालचे कोळी

महागावच्या हमरस्त्यावर सदाशिवरावांचं मंगल कार्यालय आहे. तिथं झाडलोट करायची तुळसाबाई. गेल्या वर्षी मालकांनी बाहेरच्या भिंतीवर पांढरेफटक दिवे लावले आणि तिच्या मागे भुणभुण लागली ती लागलीच. मागच्या झुडपांतले कोळी झुडपं सोडून भिंतीवर राहायला आले. शेतात एकमेकांच्या वाऱ्याला न उभे राहणारे हे प्राणी, इथं एकेका दिव्याखाली जाळ्याला जाळं लावून बसलेले. कोपऱ्यातला दिवा बंद होता तोवर तिकडं एकही फिरकला नाही. तो दुरुस्त झाला आणि लगेच तिथंही बिऱ्हाड. मेले माणसापेक्षा हुशार!

मारून टाकले असते तर काम सोपं होतं. पण तुळसाबाई दर पौर्णिमेला विहारात पंचशील घेणारी. ती बांबूला बांधलेल्या फड्यानं जाळं काढायची, कोळी डब्यात झटकायची आणि कुंपणापलीकडच्या बोरीत सोडून यायची. ते पुन्हा दिव्याखाली हजर.

"बोरीत खायले काय हाय त्याइले?" लकव्यानं एक बाजू गेलेला तिचा नवरा उकंडा खाटेवरून म्हणायचा. "पोट भरते तिथंच येतीन ना. आपुन नाई आलो गाव सोडून?"

त्यांची खोली कार्यालयाच्या मागंच होती. काम आहे तोवर खोली.

दिवाळीनंतर सदाशिवरावांच्या पुतणीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी व्याही मंडळी जागा बघायला आली, आणि नवरदेवाच्या आईच्या अंबाड्यात नेमकं जाळं अडकलं. पाहुणे गेल्यावर मालक कडाडले, "तुळसाबाई, उद्या एक जरी जाळं दिसलं तं खोली खाली करा!"

"खाटेवरच्या याहिले घेऊन मी कुठी जाऊ जी?"

बगिच्यात फवारणीचा पंप पडला होता, मालकांनी तेवढा बोटानं दाखवला.

दुपारी तिनं पदरानं नाक बांधलं आणि पंप पाठीवर घेतला. कोळी पाय आखडून टपाटप खाली पडले. त्यांच्या अंड्यांच्या पांढऱ्या पुड्यासुद्धा तिनं सोडल्या नाहीत. ज्या डब्यातून जिवंत न्यायची त्याच डब्यात तिनं ती मढी भरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात थांबवण्याची तिची सोय नव्हती.

लग्नाच्या संध्याकाळी भिंती लख्ख होत्या. दिवे लागले तसे शेतांतले हिरवे तुडतुडे झुंडीनं आले. कोळी असते तर सगळे अडले असते असं नाही, पण यंदा अडवायला कुणीच नव्हतं. वरणात किडे, जिलेबीच्या पाकात किडे, नवरीच्या डोळ्यांत किडे. वऱ्हाडी भरली ताटं टाकून उठले.

"सकाळी खोली मोकळी पाहिजे," सदाशिवराव सगळ्यांदेखत म्हणाले.

"मालक, जाळं तं एक बी नाई जी... पाहा ना, एक बी नाई..." ती भिंतीकडं हात करून सांगत राहिली. ऐकतो कोण?

पौर्णिमेला उकंडाची खाट विहाराच्या पडवीत होती. दुसरीकडं जागा मिळाली नव्हती. आत पंचशील सुरू झालं. पहिलंच शील जीव न घेण्याचं. तुळसाबाईनं हात जोडले, पण तिचं तोंड उघडेना. बाहेर पडवीत उकंडा मोठ्यानं म्हणत होता, तिच्याही वाटणीचं.