उरलेल्या पिक्चरचा निकाल

आम्ही दोघांनी मिळून लावलेला शेवटचा पिक्चर अर्धाच राहिला. दुपारची वेळ होती. शेडमधल्या रेशमाच्या अळ्यांना तुतीचा सकाळचा पाला टाकून झालता. बायको भिंतीला टेकून बसली, मांडीवर शेंगा निवडायचं सूप घेऊन. मी खाटेवर. लेक दिवाळीला आल्ती तवा टीव्हीला इंटरनेट जोडून गेल्ती आणि आईला म्हणाली होती, "तुझ्या राक्षसाचा नवा भाग आलाय. लोकं लई शिव्या घालून राह्यलेत. पण तू पाह्य."

ऐन मध्यात तिनं सूप खाली ठेवलं. "थांबवा. पाल्याची वेळ झाली."

"अगं, जरा दम धर. दार उघडून राह्यली ती."

"तुम्हाला भूक लागली की घर डोक्यावर घेता. त्या जिवांना आवाज न्हाई. उठा."

मी बटन दाबलं. पिक्चरमधली म्हातारी नायिका दाराला हात लावून तशीच थांबली. आम्ही शेडमधी गेलो, पाला टाकला, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी बायको उठलीच न्हाई. झोपेतच गेली.

हा राक्षस आमच्या घरात जुना. लग्नानंतर मंठ्याच्या बाजाराला गेल्तो, तिथं पत्र्याच्या हॉलमधी व्हिडिओवर त्याचा पहिला भाग पाहिला. इंग्रजी पिक्चर, बोलणं हिंदीत. कुठल्यातरी लांबच्या ताऱ्यावर काचेच्या घरात शेती करणारी माणसं, आणि तिथल्या मातीतून निघालेलं एक जनावर. तोंडातून तार काढायचं आणि माणसाला गुंडाळून टाकायचं. शेवटी एक डॉक्टरीण त्याला जाळून मारते, आणि पुढच्या दर भागात तीच. हॉलमधी बाया दोन-तीनच असतील. माझ्या बायकोनं पदर तोंडात धरला, पण डोळे मिटले न्हाईत. मिटले मी.

येताना जीपमधी मी त्या पिक्चरला लई नावं ठेवली. जनावर रबराचं होतं, पाठीवरची शिवणसुद्धा दिसत होती. तिनं घरापर्यंत ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाली, "ताटावरून उठता उठता कुणी भाकरीला नावं ठेवतं का? एक रात्र जाऊ द्या, मंग बोला." आणि थोड्या वेळानं, "रबर असंल न्हाईतर काय. आत कोणीतरी माणूस होता. घामानं डबडबला असंल बिचारा."

तवापासून आमच्यात रीत पडली. पिक्चर संपला की गप झोपायचं. निकाल सकाळी, रानात. पुढं तुती लावली तवा तो पाला कापताना व्हायला लागला. आणि पैजही तिथंच मिटायची. पिक्चर अर्धा झाला की शेवट काय होणार ते दोघांनी सांगायचं. ज्याचं चुकलं त्यानं नाल्याकडच्या ओळी कापायच्या. तिथं चिखल, डास आणि खाजकुयली. एकदा अंगाला लागली की माणूस दिवसभर नाचतो.

रेशीम घ्यायला लागलो तसा तिचा पिक्चर पाहण्याचा डोळा बदलला. एका भागात ते जनावर बोटाएवढं असतं आणि लगेच घराएवढं होतं. ती म्हणाली, "खाल्लं काय त्यानं? माझ्या अळ्या पाल्याचे भारे खातात, चारदा कात टाकतात, तवा कुठं करंगळीएवढ्या होतात." मी म्हणालो, "पिक्चर हाय तो." ती म्हणाली, "पिक्चर हाय म्हणून काय उपाशी वाढवायचं?"

त्या शेवटच्या दुपारी शेडकडं जाताना तिनं पैज सांगितली. "यावेळी ती जाळणार न्हाई."

मी हसलो. "सहा भाग जाळलं. आता काय ओवाळणार हाय त्याला?"

"तवा जवान होती. आता कमरेला हात लावून उठती. आपण थकलो की समोरचं थकलेलं दिसतं."

"जाळणार म्हणजे जाळणार."

"मंग खाजकुयली तुमची," ती म्हणाली आणि शेडच्या पायरीवर दम घ्यायला उभी राहिली. मला त्यात काही वेगळं वाटलं न्हाई. ती रोजच उभी राहायची.

ती गेली तवा अळ्यांची शेवटची कात होऊन गेल्ती. या वेळेला त्या नुसत्या खातात, कोणाचं मरण पाहात न्हाईत. घरात माणसं जमली. तिच्या थोरल्या भावानं अगरबत्तीचा पुडा काढला. शेड घराला लागून, वारा तिकडंच जाणारा. मी त्याच्या हातातून पुडा घेतला.

"दाजी, बहीण गेली माझी," तो म्हणाला. "आणि तुम्हाला किड्यांची पडली?"

"धुरानं मरतात ते. तिनं वाढवलेत. मेले तर तिला काय सांगू?"

बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. माणूस दगडाचा हाय, असं कोणीतरी म्हणालं, ते मला ऐकू आलं. दिवा लावला, अगरबत्ती न्हाई. पण सावडून आल्यावर तोच भाऊ विळा घेऊन माझ्यामागं तुतीत आला. पाला कापून राहिला आणि मधी मधी बाहीनं नाक पुसून राहिला. कोष चांगले झाले. जालन्याच्या बाजारात नेले तवा व्यापाऱ्यानं मूठभर हातात घेऊन हलवून पाहिले आणि म्हणाला, "काकूचा माल हमेशा एकसारखा." मी मान हलवली आणि पावती खिशात घातली.

पिक्चर मात्र तसाच राहिला. टीव्ही लावला की पहिल्यांदा त्या म्हातारीचं तोंड यायचं, खाली लाल रेघ अर्ध्यापर्यंत. मी बातम्या लावायचो. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, पाहून टाका, न्हाईतर काढून टाका ते तिथून."

"राहू दे."

"कशाला?"

"तुझ्या आईची पैज हाय त्यात. जवर पाहिला न्हाई, तवर चालू हाय."

मंग म्हणाली, "बरं, राहू द्या."

पण नवीन बॅच आली. बारीक अळ्या, कोवळा पाला लागणाऱ्या. दुसऱ्या दिवसापासून कापणी धरायची होती. मी विळ्याला धार लावली आणि बांधावर जाऊन उभा राहिलो. विहिरीकडून सुरुवात करावी की नाल्याकडून? कोण हरलं तेच ठरलं नव्हतं. माणूस येडा म्हणंल, पण माझा पायच पुढं जाईना. घरी आलो, दार लावून घेतलं आणि बटन दाबलं.

खरं सांगतो, पिक्चर काही चांगला न्हाई. लोकांच्या शिव्या निम्म्या बराबर हायेत. जनावर आता कंप्युटरचं, गुळगुळीत, आत माणूस न्हाई आणि घाम न्हाई. नवी पोरं नुसती बडबडतात, तोंडं ध्यानात राहायच्या आधी मरतात. जुन्या भागातलं बोलणंच पुन्हा बोलतात, जसं पाहुण्याला कालची भाजी गरम करून वाढावी. पण ती म्हातारी आली की मी हलायचो न्हाई. तिच्या सुरकुत्या कोणी झाकल्या न्हाईत. शिडी चढताना ती मधीच थांबते, गुडघ्यावर हात ठेवून दम घेते, आणि तवा पिक्चरमागचे वाजवणारे वाजवणं बंद करतात. एवढं काढणाऱ्याला मी पुऱ्या शिव्या देणार न्हाई.

शेवटी दोघं समोरासमोर. जनावराच्या तोंडातून तार निघंना, संपली होती. म्हातारीच्या हातात आग. मंग तिनं आग विझवली आणि दाराला पाठ लावून खाली बसली. जाळलं न्हाई.

मी खाटेवरून उठलो. तोंडातून निकाल निघणारच होता, पण दाबला. एक रात्र जाऊ द्यायची असते. टीव्ही बंद केला. ते तोंड पुन्हा येणार न्हाई, हे मला कळत होतं.

सकाळी चहा घेतला, विळा घेतला, तुतीत गेलो. दोघं उभं राहायचो त्या जागी उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "पिक्चर सुमार. शेवट बराबर. जाळलं न्हाई तिनं."

मंग धोतर वर खोचलं, बाह्या खाली ओढल्या आणि नाल्याकडच्या ओळी कापायला लागलो.