अमेरिकेचा दाखला

एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे काय, हे सांगलीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या मालकांना समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला होता. त्या क्लासमध्ये मी शिकवायचे. नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं. डायल-अप लागला तर लागला. त्यातच मी एक वेबसाइट उभी केली होती. पुण्याला, आखातात, अमेरिकेत पांगलेल्या सांगली-साताऱ्याच्या माणसांनी नाव नोंदवायचं, पासवर्ड घ्यायचा आणि घरच्यांशी, मित्रांशी गप्पा मारायच्या. सगळं इंग्रजी अक्षरांतलं मराठी. लय गर्दी व्हायची. त्यातली एकेक ओळ मी लिहिलेली, आणि मला त्याचा माज होता. का नसावा?

मग क्लासमधल्या एका टवाळानं एका लग्न ठरलेल्या मुलीचा निरोप मधल्या मध्ये पकडला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला. होणाऱ्या नवऱ्याला लिहिलेला. ती रडत गेली ती परत आलीच नाही. मालक म्हणाले, "साइट फोडली कुणीतरी." फोडायचं काय त्यात, कपाळ? आमचे पासवर्ड आणि निरोप पोस्टकार्डासारखे उघडेच जायचे. वाटेत ज्याला जमेल त्यानं वाचावं. ते बंद पाकिटात घालायचे तर सर्टिफिकेट लागतं, आणि ते देणारी कंपनी अमेरिकेत.

ती कंपनी सहजासहजी देईना. तुम्ही सांगता ते तुम्हीच कशावरून, असा तिचा सवाल. दुकानाचा परवाना इंग्रजीत करून फॅक्स करा, परवान्यातलं नाव आणि अर्जातलं नाव तंतोतंत एक पाहिजे, शिवाय संस्थेतल्या एका जबाबदार माणसाचं नाव द्या, आम्ही फोन करून खात्री करू. पहिला अर्ज परत आला. मालक मूळचे म्हसवडचे. परवान्यात त्यांनी क्लासच्या आधी सिद्धनाथाचं नाव घातलेलं, बोर्डावर आणि अर्जात मात्र नुसता क्लास. अमेरिकेला काय ठाऊक सिद्धनाथ! दुसऱ्या अर्जात देवाला घेतलं.

जबाबदार माणूस म्हणून मी माझं नाव लिहिलं. साताऱ्याला आईला फोनवर सांगूनही टाकलं. आमच्या घरात तोवर दाखला म्हटलं की जातीचाच. त्यासाठी वडिलांनी कचेरीचे खेटे घातलेले. हा दाखला माझ्या कामाचा होता. आई म्हणाली, "अमेरिकेत तुजं नाव? अगं बाई!" आणि दिवस मावळायच्या आत तिनं ते अख्ख्या वस्तीत सांगितलं.

मालकांनी अर्ज बघितला आणि चहा मागवला. त्यांनी चहा मागवला की समजायचं, काहीतरी गिळायला लावणार.

"हे बघ, माझ्या मनात तसलं काही नाही. पण लोक आधी आडनाव विचारतात. आडनाव कळलं की गाव विचारतात. पुढचं मी तुला काय सांगू? विश्वासाचा मामला आहे. आपण जावयांचं नाव घालू."

जावयांना मशीन चालू करता यायचं. बंद करायला मला हाक मारायचे.

"सर, साइट मी केलीय."

"नाही कोण म्हणतंय? तू तर आमच्या घरचीच."

घरचीच! त्यांच्या घरी मला कधी वेगळ्या कपात चहा दिला नाही, हे कबूल. घरी कधी बोलावलंच नव्हतं.

कंपनीचा फोन आला तो त्यांच्या सकाळी, आपल्या संध्याकाळी. मालक आणि जावई कुणाच्या तरी रिसेप्शनला गेलेले. पलीकडून एका बाईनं गोड आवाजात विचारलं, अमुक नावाचे गृहस्थ तुमच्याकडे आहेत का? हा अर्ज त्यांचाच ना? मी एक 'नाही' म्हणाले असते तर अर्ज तिथंच बारगळला असता. जिभेवर आलंही होतं. पण मागच्या केबिनमध्ये मिरजेच्या दोन नर्स बसल्या होत्या, आमच्याच साइटवर आपापल्या माणसांना लिहीत. उघडंच.

"हो," मी म्हणाले, "सगळं तेच बघतात."

"आणि तुम्ही?"

"मी इथली ऑपरेटर."

फोन मी आपटलाच. मालकांचा राग, जावयाचा राग, त्या गोड बाईचासुद्धा. देवाचं नाव गळलं तर तिनं अर्ज परत पाठवला, आणि इथं एका होकारावर फसली!

सर्टिफिकेट आलं. साइटवर बारकं कुलूप दिसायला लागलं. मालकांनी कॉम्प्युटरपुढं नारळ फोडला, जावयांना हार घातला आणि मला दोन पेढे दिले.

रविवारी मी साताऱ्याला गेले. आईनं शेजारणी जमवून ठेवल्या होत्या. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "दाव की गं यांना, कुठं हाय तुजं नाव?"

सगळ्यांसमोर खरं कसं सांगायचं? त्यांना ते सांगायची गरज नव्हती, आणि आईला तर नव्हतीच.

"माझं नाव नाही चाललं, आई. अमेरिकावाले लय कडक. खऱ्या माणसाचंच नाव लागतं त्यांना."



"म्हंजी? मग तू काय खोटी हाईस व्हय गं?"