आमच्या मुलींचे टाक

माझा भाऊ टँकरपायी गेला, असं आमच्या गल्लीत अजूनही म्हणतात. पुंडलिकनगरात त्या आठवड्यात नळाला पाणीच आलं नव्हतं. टँकर आला म्हणून तो बनियनवरच खाली धावला, दोन बादल्या घेऊन जिना चढला, उतरला, पुन्हा चढला. शेवटच्या खेपेला त्यानं बादल्या दारात नीट टेकवल्या, भिंतीला पाठ लावून बसला आणि संपला. पाणी सांडलंसुद्धा नव्हतं. चाळिशी नुकतीच ओलांडली होती त्यानं. कधी तापानं फणफणला नाही, कधी डोकं दुखतंय म्हणून गोळी मागितली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात याआधी कुणी असं अचानक गेलंय का?"

भावजय बोलायच्या अवस्थेत नव्हती. मीच म्हणाले, "नाही." ठासून म्हणाले. थोरली बहीण मी, शाळेत पोरांना वठणीवर आणण्यात जन्म गेलेला, घरातलं सगळं मला ठाऊक हा माझा तोरा. खोटं बोलले नव्हते मी.

वर्ष भरत आलं तशी भावकीतून कुजबुज सुरू झाली की त्याचा टाक करून घ्या. आमच्यात बाप्या माणूस अवेळी गेला की त्याचा वीर करतात. म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली बोटभर मूर्ती, घोड्यावर बसलेली, हातात तलवार. ती देवघरात देवांच्या ओळीखाली ठेवायची, होळीला न्हाऊ घालायची, नैवेद्य दाखवायचा. सराफाला मी विचारलं, घोडा पाहिजेच का हो? माझ्या भावानं उभ्या जन्मात स्कूटरशिवाय कशावर टांग टाकली नव्हती. सराफ हसला नाही. म्हणाला, "ताई, जुने टाक घेऊन या. त्यांच्या मापाचा करावा लागतो."

म्हणून भावजयीच्या देवघरातून जुने वीर काढले. तीन होते. चिंचेनं घासघासून त्यांचे नाकडोळे झिजून गेलेले. मी लहान असल्यापासून ते बघत होते, दर होळीला माझ्याच हातानं धुतले होते. तळहातावर घेतले आणि पहिल्यांदाच मनात आलं, हे आहेत कोण? भावजय म्हणाली, "वीर आहेत की."

"अगं हो, पण कुणाचे?"

तिला ठाऊक नव्हतं, आणि सगळं ठाऊक असणाऱ्या मलाही नव्हतं.

आमचं मूळ गाव अजिंठ्याजवळ. तिथं वडिलांचे चुलतभाऊ आहेत, काका, नव्वदीला टेकलेले, पण डोकं शाबूत. एसटीत अर्ध्या तिकिटात बसले आणि गेले. तीनही टाक त्यांच्यापुढं फडक्यावर मांडले. त्यांनी बराच वेळ बोटानं चाचपले.

"ह्यो माझ्या बापाचा चुलता. मोट हाकत व्हता. विहिरीनं ओढला त्याला."

"विहिरीत पडला का, काका?"

"नाय नाय. काठावर बसला आन् तिथंच गेला. पर ती विहीर वाईटच व्हती." मग दुसरा टाक उचलला. "ह्यो पैलवान. जत्रंत कुस्ती मारली, फेटा बांधून घेतला आन् फेट्यासकट खाली. समोरच्या गावानं करणी केली, दुसरं काय! आन् ह्यो तुझा सख्खा चुलता, तुझ्या बापाच्या पाठचा, तू जन्मायच्या आदीच गेलेला. बैल उधळला म्हून मागं पळाला. बैल धरला, दावं खुट्याला बांधलं आन् पडला. नजर लागली. लई देखणा व्हता गं."

ते सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर दारात नीट टेकवलेल्या बादल्या दिसत होत्या. कुणाला विहीर लावली, कुणाला करणी, कुणाला नजर, आणि माझ्या भावाला टँकर. मरण मात्र सगळ्यांचं एकच. सगळे धडधाकट, सगळे तरुण, आणि सगळे काहीतरी ओढत, उचलत, पळत असताना गेलेले. काका चहा घे म्हणत होते. मी टाक फडक्यात बांधले आणि उठले.

परत आल्या आल्या डॉक्टरांकडं गेले. म्हटलं, मी तुम्हाला नाही म्हणाले होते ते चुकलं. टाक टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी टाकांना हात लावला नाही. म्हणाले, "हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आजार असतो. रक्तातून उतरतो. वरून काही दिसत नाही, कष्ट पडले की एकदम घात करतो. भावाला मुलगा आहे ना तुमच्या? काय करतो?"

"पळतो," मी म्हणाले.

खरंच पळत होता तो. पोलीस भरतीची तयारी. रोज पहाटे मैदानावर जायचा, घामानं निथळत यायचा आणि मोबाइलवर मिनिटं-सेकंद दाखवायचा. बाप गेल्यापासून तर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. मी तपासणीचं काढलं तर माझ्यावरच उखडला. "आत्या, एकदा कागदावर आलं ना, तर मेडिकलला बाद करतील मला! माझं काय करायचं मग?"

"आणि कागदावर नाही आलं तर? चांदीवर येशील मेल्या!"

तोंडातून निघून गेलं. भावजय रडायला लागली, पोरगं पाय आपटत निघून गेलं. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मलाच तिची भीती वाटली. त्यानंतर रोज पहाटे मला जाग यायची आणि वाटायचं, आता तो पळत असेल. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. दूधवाल्याचा फोन असला तरी.

शेवटी एका सकाळी उठले, साडीवर नवऱ्याचे बूट चढवले आणि मैदानावर जाऊन पळायच्या पट्ट्यावर मधोमध उभी राहिले. पोरं बाजूनं जायची, हसायची. कुणी म्हणालं, "ओ आंटी, बाजू में हो जाओ ना!" मी म्हटलं, आज इथून एकच पोरगं पळणार नाही, बाकीच्यांनी खुशाल पळा. तो समोर येऊन थांबला. छाती भात्यासारखी हलत होती. ती हलताना मी बघितली आणि मला रडूच कोसळलं. भर मैदानात, त्याच्या मित्रांसमोर. मग मात्र तो निमूट आला माझ्याबरोबर.

त्याचं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, सध्या सगळं स्वच्छ आहे, दोन-तीन वर्षांनी पुन्हा पाहू, पळू दे त्याला. भावजयीनं तिथंच जमिनीला हात लावून नमस्कार केला. डॉक्टर मला म्हणाले, "तुमची आणि तुमच्या मुलीचीही तपासणी करून घ्या. रक्त तेच आहे."

"आमच्यात हे बायकांना नसतं हो," मी म्हणाले. "सगळे वीर बाप्येच आहेत."

ते काहीतरी सांगायला लागले होते. पण मला पेढे घ्यायचे होते.

पेढ्यांचा पुडा घेऊन लेकीकडं गेले. लग्नाला दोन वर्षं झालीत तिच्या, सासर गावातच, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नावालाच आहे. भाजी घेऊन तीही खालीच भेटली, दोघी बरोबरच चढलो. दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवर बसली. "आई, तू हो पुढं, मी आलेच."

"पंचविशीतली घोडी तू, आणि मी म्हातारी पुढं जाऊ? ऊठ! आळशी कुठली."

ती हसली, पण उठली नाही लगेच. वर गेल्यावर तिच्या सासूबाईंनाही मी तेच सांगितलं. त्याही म्हणाल्या, रोजचंच आहे हो तिचं. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

पोरगं सुटलं तरी मला मात्र खोदायची चटक लागली होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं वंशावळ काढायला घेतली. बापाचा बाप, त्याचा बाप, वीर झालेल्यांच्या नावापुढं छोटा घोडा. काकांना फोन करकरून नावं विचारायची. एकदा ते म्हणाले, "तुझी एक आत्या बी व्हती की. सोयगावला दिलेली. तुझ्या जन्माआधीच बाळंतपणात गेली बिचारी."

"नाव काय होतं तिचं?"

आठवेना त्यांना. भाऊ-भाऊ एका ताटात जेवलेली माणसं, सख्ख्या बहिणीसारखी असलेली पोर, आणि नाव आठवेना! मला असा राग आला. काका ओशाळून म्हणाले, "तिची सवत हाय अजून जित्ती. तिला इचार."

निव्वळ त्या नावासाठी मी सोयगावला गेले. अजिंठ्याचा घाट उतरून खाली. बाजारपेठेमागच्या गल्लीत घर सापडलं. म्हातारी ओट्यावर तूर निवडत बसली होती. कपाळ मोकळं, गळ्यात मंगळसूत्र नाही, पण काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक होता. मी कोण ते सांगितलं तशी तिनं तो टाक मुठीत धरला.

"ही बघ तुझी आत्या," ती म्हणाली.

सवतीचा टाक मी ऐकून होते. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालतात, तिनं त्रास देऊ नये म्हणून. पण समोर कधी पाहिला नव्हता. बोटाच्या पेराएवढी बाई, घासून गुळगुळीत झालेली. घोडा नाही, तलवार नाही. म्हातारी म्हणाली, "धनी गेले तवा मंगळसूत्र काढलं. लोक म्हनले हिला बी काढ. म्हनलं, हिला का काढू? ही त्यांची नाय आता, माझी हाय. जेवायला बसले की पयला घास हिलाच लावते."

तिनं नाव सांगितलं. मी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, "बाळंतपणात गेल्या ना?"

"कोन म्हनलं? बाळंतपन नाय नि काय नाय. नदीवरून पानी आनत व्हती. सासू सांगायची, लई कामचुकार सवत व्हती तुझी. चढ आला की अर्ध्यात घागर उतरवून बसायची, म्हनायची तुमी व्हा फुडं, म्या आलेच. त्या दिशी बी बसली. बाया फुडं गेल्या. ही आलीच नाय."

"तुम्ही व्हा पुढं, मी आलेच." म्हातारीच्या तोंडून ते ऐकलं आणि मला जिन्यात बसलेली लेक दिसली. ती पुढं काय बोलली ते मला आठवत नाही. आमचे वीर आमच्या देवघरात होते म्हणून मी मोजले. आमच्या मुली कुठून मोजणार होते मी? त्या गेल्या तिकडंच मेल्या, आणि त्यांचे टाक परक्या बायकांच्या गळ्यात राहिले. किती घरांत, किती गावांत, देव जाणे. पाण्याचा तांब्या तसाच ठेवून मी उठले.

रस्त्यात येईल त्या गाडीला हात केला. लेकीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. घाटात रेंज गेली. अजिंठ्यात वर आल्यावर लावला, वाजत राहिला. तिच्या सासूबाईंना लावला, त्या म्हणाल्या, "अहो दळण आणायला गेलीय, मोबाइल घरीच राहिलाय तिचा. गिरणीची वीज गेलीय म्हणे, संध्याकाळ होईल तिला." दळण. मी त्या बाईवर अशी ओरडले की गाडीतली माणसं मागं वळून बघायला लागली. तिला उचलू देऊ नका, खाली जा, कुणालातरी पाठवा! त्यांना वाटलं, मला वेड लागलंय. सिल्लोड आलं, फुलंब्री आलं, रस्ता संपेना. देवाचं नाव घ्यायला गेले तर डोळ्यांसमोर देवांखालची ती वीरांची ओळ यायची.

तिच्या इमारतीत शिरले तेव्हा दिवेलागण झाली होती. पहिला मजला चढले. वरच्या वळणावर, दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर, पिठाचा डबा दिसला. त्याच्याशेजारी ती, भिंतीला डोकं टेकून.

नावानं हाक मारायची हिंमत होईना. मग तिनं मान वळवली.

"ओरडू नको गं आई," ती म्हणाली. "जरा बसलेय. उठतेच."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. म्हटलं, बस. लागेल तितका वेळ बस. ती घाबरली, कारण असं मी तिला जन्मात म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिच्या छातीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. एका जागी थांबले. पुन्हा मागं नेलं, पुन्हा थांबले. मग स्नायू जाड झालाय म्हणाले, आता वेळेत कळलंय म्हणाले, गोळ्या, जपणूक, गरज पडली तर छातीत बसवायचं यंत्र, असं काहीबाही सांगत राहिले. लेक छत बघत पडली होती. तिनं एवढंच विचारलं, "डॉक्टर, हे मला कुणाकडून आलं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"माझ्या आत्याकडून," मी म्हणाले, आणि सोयगावला कळलेलं ते नाव घेतलं. मग म्हणाले, "माझ्यातून."

तिनं पदरासारखी ओढणी ओढून घेतली आणि उठून बसली. डॉक्टरांनी पलंगावरचा कागद बदलला. "आता तुम्ही झोपा," ते मला म्हणाले. मी चपला काढल्या. लेक माझी पिशवी धरून दारापाशी उभी राहिली, आणि भीतीनं तिचा चेहरा काल माझा झाला असेल तसा झाला होता.