अ‍ॅबसलम टाईसची सासू

एबनफिल्डचे लोक दोन गोष्टी अभिमानाने सांगत. पहिली म्हणजे, गाव वसवणाऱ्या धर्मोपदेशकांनी चर्चच्याही आधी कॉलेज उघडलं आणि पहिल्याच वर्षापासून गोरी-काळी मुलं एका बाकावर बसवली. दुसरी म्हणजे अ‍ॅबसलम टाईसची सुटका. खुद्द अ‍ॅबसलमला मात्र ही दुसरी गोष्ट सांगायचा कंटाळा होता.

तो घोड्यांचे साज शिवायचा. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, बोलणं मोजकं. केंटकीतल्या तंबाखूच्या मळ्यावर तो गुलाम होता. तिथून पळाला तेव्हा बायको लोव्हिनाही बरोबर निघायची होती, पण ऐन वेळी तिला ताप भरला. "तू जा," ती म्हणाली, "मी मागून येते." नदीपार, गुलामी नसलेल्या राज्यात नेणाऱ्या नावाड्याने त्याला एकाच गावाचं नाव सांगितलं होतं. तेच नाव त्याने तिच्या कानात सांगितलं आणि निघाला.

एबनफिल्डमध्ये त्याने दुकान टाकलं. तिसऱ्या वर्षी मालकाची माणसं आली, भर दुपारी त्याला दुकानातून उचललं आणि शेजारच्या गावी रेल्वेजवळच्या खाणावळीत कोंडलं. बातमी पसरली तसं कॉलेज ओस पडलं. विद्यार्थी, लोहार, ग्रीक शिकवणारे प्राध्यापक, कुणी घोड्यावर, कुणी पायी, सगळे तिकडे धावले. संध्याकाळच्या आत खाणावळीचा जिना मोडला आणि अ‍ॅबसलम लोकांच्या खांद्यावरून बाहेर आला.

त्याला लपवलं होतं प्राध्यापक हॅव्हरहिल यांच्या माळ्यावर. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, आता कॅनडा गाठ.

"ते पुन्हा येतील, अ‍ॅबसलम," प्राध्यापक म्हणाले. "इथला कायदा मालकाच्या बाजूने आहे. कॅनडात तो चालत नाही."

"ठाऊक आहे, सर."

"मग?"

"लोव्हिनाला मी एबनफिल्ड सांगितलंय. कॅनडा नाही सांगितलं."

तो हिवाळा अ‍ॅबसलमने गावाबाहेरच्या एका शेतावर लपून काढला आणि बर्फ वितळताच पुन्हा दुकान उघडलं. दाराकडे तोंड करून बसायची सवय त्याला तेव्हापासून लागली. लोकांना वाटे, माणूस धास्तावलाय. तो वाट पाहत होता.

लोव्हिना आली नाही. यादवी युद्ध आलं, संपलं. गुलामी संपली. पुढच्या वसंतात अ‍ॅबसलमने दुकानाला कुलूप लावलं, नवा कोट घातला आणि तो तिला आणायला केंटकीला गेला.

ती जुन्या मळ्यापासून जवळच, एका खोपटासमोर कपडे वाळत घालत होती. कडेवर मूल, आणखी दोन पायाशी. तिने त्याला ओळखलं आणि हातातलं ओलं कापड तसंच धरून उभी राहिली.

"तू नदीत बुडालास म्हणून सांगितलं होतं आम्हाला," ती म्हणाली. "मालकाने तुझी टोपी आणून दाखवली."

"टोपी हरवली होती खरी."

"दोन वर्षं थांबले मी, अ‍ॅबसलम."

"बरं केलंस. त्याहून जास्त थांबायला नको होतं."

नव्या नवऱ्याचं नाव गेब्रिअल. तो शेतावरून आला, पाहुणा कोण ते समजलं तसा उंबऱ्यावर बसून राहिला. चांगला माणूस होता. वाईट असता तर अ‍ॅबसलमला काही करता आलं असतं. मक्याची भाकरी आणि डुकराचं खारं मांस वाढलं गेलं, चौघं जेवायला बसली. चौथी होती केतुरा, लोव्हिनाची आई. तोंडात पाइप, अंगात हाडं तेवढी शिल्लक, जीभ मात्र पहिल्यासारखीच. तिने जावयाकडे निरखून पाहिलं.

"कोट झकास आहे. घर आहे का?"

"आहे, केतुराआई."

"चूल?"

"लोखंडी आहे."

"मग मी येते."

"आई!" लोव्हिना ओरडली.

"ओरडतेस कशाला? एवढ्या लांबून आलाय पोरगा. रिकाम्या हाताने पाठवायचा का?"

गेब्रिअलला हसू आवरेना. त्याने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

अशा रीतीने, बायको आणायला गेलेला अ‍ॅबसलम सासू घेऊन परतला. स्टेशनवर स्वागताला आलेल्या प्राध्यापकीणबाईंनी फुलं आणली होती, त्यांना ती कुणाच्या हातात द्यावीत कळेना. केतुराने हात पुढे करून घेतली.

पहिले काही महिने अ‍ॅबसलमला घरी जावंसं वाटत नसे. म्हातारीला त्याचं काहीच पटायचं नाही. भाजी शिजवतोस की धुतोस? एवढा वाळलास कसा? रविवारी चर्चमधून आल्यावर भिंतीकडे बघत काय बसतोस? एकदा तो चिडून म्हणाला, "तुमच्या लेकीकडे बघायचं ते भिंतीकडे बघतोय." दुसऱ्या दिवशी केतुराने त्याची खुर्ची उचलून खिडकीपाशी ठेवली.

गावाची तिची ओळख झाली ती पाइपमुळे. एबनफिल्डमध्ये दारू नव्हती, तंबाखूही नव्हती. जुन्या पिढीने तर कॉफीसुद्धा पाप ठरवली होती. चर्चचे वडीलधारे मिस्टर व्हिटलो समज द्यायला आले. केतुरा ओसरीवर धूर सोडत बसली होती.

"केतुराआई, या गावात कुणी तंबाखू ओढत नाही."

"का बरं?"

"शरीर देवाचं मंदिर आहे. शिवाय तंबाखू हे गुलामांच्या कष्टाचं पीक."

"ते मला सांगताय होय?" ती म्हणाली. "आयुष्यभर मी तंबाखू लावली, खुडली, वाळवली. धूर मालकाने काढला. आता माझी पाळी आली तर तुम्ही आलात!"

व्हिटलोंनी टोपी चाचपली. पुढच्या रविवारी त्यांनी चर्चमध्ये तिचं नाव घेऊन, तिला सुबुद्धी मिळावी म्हणून प्रार्थना केली. केतुराला वाटलं, आपला मान झाला. परतताना वाटेत तिने सगळ्यांना ते ऐकवलं.

अ‍ॅबसलम त्या दिवशी मोठ्याने हसला. शेजारच्या बाईने दार उघडून पाहिलं, इतकं ते नवं होतं.

लोकांनी त्याला पुन्हा लग्न करायला सुचवून पाहिलं. "घरात एक बाई आहे, तेवढी पुरे," तो म्हणायचा. आतून उत्तर यायचं, "माझं नाव पुढे करू नकोस. हिंमत नाही म्हण!"

काही वर्षांनी लोव्हिनाची थोरली, रोझेटा, कॉलेजात शिकायला आली आणि आजीजवळ राहिली. मुलगी थेट आईवर गेली होती. पहिल्या सकाळी ती चुलीपाशी पाठमोरी उभी होती, तेव्हा अ‍ॅबसलम दारातूनच परत फिरला आणि न जेवता दुकानात गेला. संध्याकाळी आला तेव्हा केतुराने त्याच्या ताटात दुप्पट वाढलं. हळूहळू तो त्या चेहऱ्याला सरावला. मुलीचं भूमिती पाठ करणं ऐकत साज शिवू लागला.

केतुरा दुसऱ्या हिवाळ्यात वारली, फारशी आजारी न पडता. लोव्हिना आणि गेब्रिअल गाडीने आले. शवपेटीला पुढून अ‍ॅबसलमने खांदा दिला, त्याच्या बरोबरीने गेब्रिअलने. दोघे सारख्याच उंचीचे होते.

घरी आल्यावर लोव्हिनाने आईचं अंथरूण काढून घडी घातली.

"फार छळलं का रे तिने तुला?"

"रोज."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि तिने घडीवर तोंड ठेवलं. अ‍ॅबसलम तिच्याजवळ उभा राहिला, आणि मग बाहेर ओसरीवर आला. तिथे गेब्रिअल एका सैल फळीला खिळा ठोकत होता.

"तू त्या वसंतात परत गेलास," गेब्रिअल वर न बघता म्हणाला, "तरी वर्षभर मी रस्त्याकडे बघत होतो. पुन्हा येशील आणि तिला नेशील असं वाटायचं."

"नेलं होतं की एकीला."

"हो. ते उपकार मी विसरलो नाही बाबा."

दोघेही हसले, मग घरात दुःख आहे हे आठवून थांबले. पाहुणे आठवडाभर राहिले. तोवर गेब्रिअलने ओसरी नीट केली, आणि अ‍ॅबसलमने त्याच्या खेचरासाठी साज शिवून बरोबर दिला.

रोझेटा पुढे गावच्याच शाळेत शिकवू लागली आणि त्याच घरात राहिली. नवे लोक विचारत, टाईस तुमचे कोण? ती सांगे, "माझ्या आजीचे जावई." काहीजण त्यावर विचारात पडत. अ‍ॅबसलम म्हातारपणी, एका शरदात, झोपेत गेला. गावाने त्याच्या सुटकेवर लांब भाषणं केली. रोझेटाने ती ऐकून घेतली आणि घरी येऊन शेजाऱ्यांसाठी मक्याची भाकरी टाकली.